जुना मदतीचा ग्रुप बंद कसा करायचा: ई-पीक, पीक विमा आणि सौरपंपाच्या अ‍ॅडमिनांसाठी

यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत व्हॉट्सअ‍ॅपवर कास्तकारांची अशी एखादी कम्युनिटी आता सापडतेच. ई-पीक पाहणीचा (वावरातल्या पिकाची नोंद फोनवरच्या सरकारी अ‍ॅपने करायची, तिचा) एक ग्रुप, पीक विम्याचा दुसरा, सौरपंपाचा तिसरा, ठिबकचा, कापूस नोंदणीचा, आणि वर सगळ्यांना सूचना जाणारा एक. सेवा केंद्र चालवणारं पोरगं, कृषी केंद्रवाला आणि दोन-तीन जाणते कास्तकार मिळून तो गाडा हाकतात. प्रश्न येतो, अडकलेल्या स्क्रीनचा फोटो येतो, कुणीतरी व्हॉइस टाकून सांगतं, काम होतं.

चार-पाच हंगाम गेले की यातला एखादा ग्रुप जुना होतो. अ‍ॅप बदलतं, योजना बदलते, ग्रुपातली उत्तरं मात्र तशीच पडून राहतात. मग कुणीतरी अ‍ॅडमिन म्हणतो, ‘काढून टाकू ना बे, काय कामाचा हा?’ माझं म्हणणं आधीच सांगतो: काढू नका, कुलूप लावा. त्याचं कारण भावनेचं नाही, तांत्रिक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठवून साधारण दोन दिवस उलटले की तो ‘सर्वांसाठी डिलीट’ होत नाही. ग्रुप तुमच्या फोनमधून गेला तरी बाकीच्यांच्या फोनमध्ये जुनं सगळं राहतं आणि पुढे फॉरवर्ड होत राहतं. म्हणजे जुनं उत्तर तुम्हाला परत घेता येत नाही. ‘हे उत्तर अमुक हंगामापर्यंतचं होतं, पुढचं तिकडे आहे’ एवढंच ठळकपणे सांगता येतं, आणि ते सांगायला ग्रुप जागेवर असावा लागतो.

शांत झाला म्हणजे जुना झाला असं नाही

एप्रिल महिन्यात ई-पीकचा ग्रुप उघडून पाहिला तर महिनाभरात ‘शुभ सकाळ’शिवाय काही दिसणार नाही. तोच ग्रुप ऑगस्टमध्ये रात्री अकरापर्यंत वाजत असतो, कारण खरिपाची पाहणी बहुतेक १ ऑगस्टला सुरू होते, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते आणि वर मुदतवाढ मिळते. सौरपंपाच्या ग्रुपला जाग येते ती हरभरा-गव्हाच्या ओलिताला. त्यामुळे शांतता पाहून निर्णय घेऊ नका. निदान एक खरीप आणि एक रब्बी मागे जाऊन वाचा.

वाचताना एकच प्रश्न विचारा: ज्या गोष्टीसाठी हा ग्रुप काढला होता, ती गोष्ट अजून आहे का?

ई-पीकचं उदाहरण घ्या. हे अ‍ॅप राज्यभर १५ ऑगस्ट २०२१पासून सुरू झालं, पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती आली, आणि नंतर केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेला जोडलेलं डीसीएस नावाचं वेगळं अ‍ॅप आलं. पहिल्या दोन आवृत्त्यांवर उभा राहिलेला ग्रुप आज जुनाच म्हणायचा. त्यातल्या ‘हे बटण दाबा, मग ते दाबा’ या सूचनांमधली बटणंच आता त्या जागी नाहीत.

सौरपंपाचं तसं नाही, आणि इथे बरेच अ‍ॅडमिन गफलत करतात. २०१८च्या अखेरीस मंजूर झालेली मुख्यमंत्री सौर कृषीपंप योजना, मग केंद्राच्या कुसुम या सौरपंप योजनेचा घटक ‘ब’, आणि २०२४पासून ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’, अशा योजना एकामागे एक आल्या. जुन्या योजनेचा अर्ज भरायची चर्चा नक्कीच संपली. पण त्या योजनेत बसवलेला पंप अजून वावरात उभा आहे. त्याचा कंट्रोलर लाल दिवा दाखवतो, पॅनलवर धूळ बसते, वायर उंदीर खातात. उलट त्या पंपांची पाच वर्षांची हमी आता संपत आली किंवा संपली; कंपनीचा माणूस फोन उचलेनासा होतो तेव्हा हाच ग्रुप कामी येतो. अ‍ॅप एका तारखेला मरतं, यंत्र मरत नाही. यंत्राचा ग्रुप बंद करायचा असेल तर ते यंत्र तालुक्यातून जवळजवळ गेलं आहे का ते आधी पाहा. सौरपंपाच्या ग्रुपातली फक्त अर्जाची चर्चा वेगळी काढून बाकीचा ग्रुप ‘दुरुस्ती’ या नावाने चालू ठेवणं हे मला जास्त पटतं.

सगळ्यात धोक्याचा ग्रुप विम्याचा

पूर्ण खोटं उत्तर फारसं टिकत नाही, कुणीतरी त्याला अडवतंच. त्रास देतं ते एकेकाळी खरं असलेलं, भरवशाच्या माणसाने दिलेलं उत्तर.

खरीप २०२३पासून राज्यात १ रुपयात पीक विमा होता. त्या दोन वर्षांत विम्याच्या ग्रुपांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या गेल्या. एक, ‘१ रुपयापेक्षा जास्त मागितले तर देऊ नका.’ दुसरी, ‘पाऊस-गारपिटीनं नुकसान झालं की ७२ तासांच्या आत अ‍ॅपवर कळवा.’ दोन्ही तेव्हा बरोबर होत्या. खरीप २०२५पासून १ रुपयाची सवलत गेली. आता कास्तकाराचा हिस्सा खरिपात जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत असतो. त्याच वेळी राज्याने स्थानिक आपत्तीसारखी जादा संरक्षणं काढून भरपाई पीक कापणी प्रयोगावर (निवडक वावरांत पीक कापून उत्पादन मोजायचं, त्यावर) नेली. त्यामुळे जुनी व्हॉइस ऐकून कुणी सेवा केंद्रात १ रुपया घेऊन गेला तर भांडण होतं. कुणी ७२ तासांचा फोटो काढून निर्धास्त बसला तर त्याहून वाईट होतं.

आता यातली मेख पाहा. केंद्राने नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर केलं की खरीप २०२६पासून जंगली जनावरांनी केलेलं नुकसान विम्याच्या जादा संरक्षणात घेता येईल, आणि त्याची सूचना पुन्हा ७२ तासांतच, अ‍ॅपवर, जागेची नोंद असलेल्या फोटोसकट द्यायची आहे. कोणती जनावरं आणि कोणते जिल्हे हे राज्याने अधिसूचित करायचं. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी पऱ्हाटी (कापूस)-तूर लोळवलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही बातमी केवढी मोठी आहे ते सांगायला नको. म्हणजे ‘७२ तास’ हे उत्तर मेलं, आणि वेगळ्या अटींवर परत येऊही शकतं. म्हणून जुन्या उत्तरावर ‘चूक’ असा शिक्का मारू नका. ‘रब्बी २०२४-२५ पर्यंत लागू’ असं लिहा. मुदत लिहिली की वाचणारा आपोआप विचारतो, मग आत्ता काय?

वेळ कोणती निवडायची

हंगाम चालू असताना हात लावू नका, एवढं पाळलं तरी निम्मा त्रास वाचतो. जुलैत पेरण्या, ऑगस्टला पाहणी, ऑक्टोबरपासून सोयाबीन काढणी, मग कापूस वेचणी आणि खरेदी केंद्रांच्या रांगा. या काळात ‘ग्रुप बदलला’ हे कुणाच्या डोक्यात बसत नाही. होळी ते अक्षय्य तृतीया हा मधला काळ सगळ्यात मोकळा. त्यातही मार्चअखेरचे आठ-दहा दिवस टाळा, तेव्हा पीककर्ज भरायची धावपळ असते आणि ग्रुपात बँकेशिवाय विषय नसतो.

पहिली सूचना आणि प्रत्यक्ष कुलूप यांत तीन आठवडे तरी जाऊ द्या. आठवडी बाजार किमान दोनदा मध्ये यायला हवा. याचं कारण खाली येतंच.

आधी फोन, मग ग्रुप

प्रत्येक ग्रुपात दोन-चार माणसं असतात ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट उत्तरं दिली. कुणी निवृत्त मास्तर, कुणी कृषी केंद्रात बसणारा, कुणी नुसताच हौशी. ग्रुप बंद होतोय हे त्यांना सगळ्यांसोबत कळलं तर ते दुखावतात आणि मग ग्रुपातच ‘काहून बंद करून राह्यले? कोणाले विचारलं?’ सुरू होतं. त्यांना आधी फोन करा. ‘काका, तुमची २०२२ची व्हॉइस लोकं अजून पाठवून राह्यले, पण अ‍ॅपच बदललं. नव्या ग्रुपात पहिली माहिती तुम्हीच टाका,’ एवढं म्हटलं की तेच तुमच्या बाजूने बोलायला लागतात.

हा मानपानाचा भाग वाटेल, पण याच लोकांना ग्रुपात नेमकं काय कुठे पडलं आहे ते ठाऊक असतं. पुढच्या कामात ते लागणारच आहेत.

दुसरं, अ‍ॅडमिन दोन तरी ठेवा. ग्रुपला एकच अ‍ॅडमिन असला आणि तो बाहेर पडला तर व्हॉट्सअ‍ॅप आपल्या मनाने दुसऱ्या कुणाला तरी अ‍ॅडमिन करतं. बंद केलेला ग्रुप मग कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. त्यावर कर्जाच्या जाहिराती फिरताना दिसल्या तर नवल नाही.

ग्रुपात काय काय आहे ते काढा

हे सगळ्यात वेळखाऊ काम आहे, आणि बहुतेक अ‍ॅडमिन हेच टाळतात. एका बसकीत होत नाही. दोघांनी वाटून घ्या, एकाने लिखाण पाहावं, दुसऱ्याने आवाज.

ग्रुपच्या माहितीत जाऊन फोटो, कागदपत्रं आणि लिंक वेगवेगळ्या पाहता येतात. सुरुवात कागदपत्रांपासून करा. तिथे शासन निर्णयांच्या पीडीएफ असतात, अर्जाचे नमुने असतात, आणि एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवायच्या फाइल असतात. एपीके दिसली की विचार न करता तिला धोक्याच्या ढिगात टाका. पीएम किसानच्या नावाने बनावट एपीके पाठवून खाती साफ केल्याचे गुन्हे ठिकठिकाणी नोंदले गेले आहेत, आणि जुन्या ग्रुपात ओळखीच्या माणसाने टाकलेली फाइल लोक डोळे झाकून उघडतात. ती चांगल्या हेतूने टाकलेली असली तरी आता तिचा उपयोग नाही. अ‍ॅप घ्यायचं तर प्ले स्टोअरवरूनच, हे वाक्य नव्या ग्रुपाच्या वर्णनात कायमचं लिहून ठेवा. कुणाचे पैसे गेलेच तर १९३० हा सायबर मदतीचा क्रमांकही तिथेच असू द्या.

मग फोटो. इथे तुम्हाला सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक आणि आधार कार्ड यांचे ढीग मिळतील. ‘माझं नाव जुळत नाही, पाहा बरं’ म्हणत लोकांनी आधारच्या दोन्ही बाजू टाकलेल्या असतात. हे तुम्ही सगळ्यांच्या फोनमधून पुसू शकत नाही, पण दोन गोष्टी करता येतात. ज्यांचे कागद आहेत त्यांना खाजगीत सांगा. आणि नव्या ग्रुपात नियम करा की आधार टाकायचंच नाही. अगदीच लागलं तर शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार अ‍ॅडमिनला एकट्याला पाठवायचं. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवता येतं.

शेवटी व्हॉइस. आपल्याकडच्या ग्रुपांचं खरं ज्ञान लिखाणात नसतं, आवाजात असतं. कापूस वेचून दमलेला माणूस टाइप करत नाही, दाबून बोलतो. ‘भाऊ, गट नंबर टाकला का? मंग मागं जा, खातेदार निवड, वावराच्या मधात उभा राह्य, धुऱ्यावरून फोटो काढू नको,’ असं दीड मिनिटाचं अस्सल मार्गदर्शन सर्चमध्ये कधीच सापडत नाही. म्हणून व्हॉइस ऐकाव्याच लागतात. सगळ्या नाही. ज्या व्हॉइसखाली ‘झालं भाऊ, धन्यवाद’ किंवा अंगठ्यांची रांग आहे तेवढ्याच ऐका. लोकांनीच तुमच्यासाठी निवड करून ठेवली आहे.

ऐकता-वाचता वहीत चार रकाने करा: अजून खरं, तपासून घ्यायचं, मुदत संपलेलं, धोक्याचं. ‘वावरात उभं राहून फोटो काढा’ हे अजून खरं. ‘नोंद केल्यापासून ४८ तासांत एकदा दुरुस्ती करता येते’ हे दुसऱ्या आवृत्तीचं, तेव्हा तपासून घ्यायचं. ‘सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) नोंदणीसाठी फक्त बाजार समितीत या’ हे मुदत संपलेलं, कारण २०२५-२६च्या हंगामापासून हमीभावाच्या खरेदीला ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी लागते. फोन नंबर बहुतेक सगळे तपासायच्या रकान्यात जातील. पटवारी बदलून गेलेला असतो, विमा कंपनी बदललेली असते, पंपाच्या कंपनीचा मेकॅनिक दुसरीकडे लागलेला असतो. एका माणसाचा नंबर देण्यापेक्षा विम्यासाठी १४४४७, विजेसाठी १९१२, पिकाच्या सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ असे कार्यालयाचे क्रमांक नव्या ग्रुपात ठेवा. माणसं बदलली तरी हे चालतात.

फॉरवर्ड करू नका, नव्याने लिहा

जुन्या ग्रुपातलं चांगलं उत्तर उचलून नव्यात फॉरवर्ड करायचा मोह होतो. करू नका. फॉरवर्ड झालेल्या उत्तरावर मूळ तारीख राहत नाही. २०२२चं उत्तर आजचं दिसायला लागतं. म्हणजे जो रोग बरा करायला निघालो तोच नव्या घरात नेला. पाच ओळी लागल्या तरी चालतील, नव्याने लिहा, आणि प्रत्येक उत्तरात हंगाम, अ‍ॅपचं पूर्ण नाव आणि तपासायची जागा टाका. नमुना म्हणून विम्याचं हे उत्तर पाहा:

‘पीक विमा, खरीप २०२५पासून. १ रुपयाचा विमा बंद आहे. हिस्सा पीक आणि जिल्ह्याप्रमाणे वेगळा, अर्ज भरताना स्क्रीनवर दिसतो तोच खरा. भरपाई पीक कापणी प्रयोगावर. शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणीची नोंद लागते. जंगली जनावरांच्या नुकसानीबद्दल राज्याची अधिसूचना पाहूनच सांगू. हे उत्तर पुढच्या हंगामाचा शासन निर्णय येईपर्यंतच धरा. शंका असल्यास कृषी सहायक किंवा १४४४७.’

शेवटून दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. उत्तर लिहितानाच त्याची मुदत लिहिली तर पुढचा ग्रुप बंद करायला इतकं खणावं लागणार नाही.

अशी दहा-बारा उत्तरं झाली की बास. सगळं न्यायचा प्रयत्न केला तर नवा ग्रुपही अडगळीची खोली होतो. जे पुन्हा विचारलं जाईल तेव्हा पुन्हा सांगता येईल.

सूचना: लिहून एकदा, बोलून दोनदा

लिखित सूचना छोटी ठेवा. काय बंद होतंय, कधीपासून, का, आणि आता कुठे विचारायचं, एवढंच. ‘सर्व सन्माननीय सदस्यांना कळविण्यात येते की’ असल्या भाषेत लिहिलं की लोक ती ग्रामपंचायतीची नोटीस समजून वर सरकवतात. रात्री आठनंतर टाका, तेव्हा माणूस वावरातून घरी येऊन हातपाय धुऊन फोन घेतो.

त्याच्या खाली लगेच व्हॉइस टाका, गावच्या बोलीत. अशी:

‘राम राम मंडळी. ई-पीकचा हा जुना ग्रुप आता बंद करून राह्यलो. अ‍ॅप बदललं, म्हणून याच्यातल्या जुन्या गोष्टी आता चालत नाहीत. नवीन ग्रुप यादीत आहे, ई-पीक डीसीएस नावाचा, त्यात या. ज्याले जोडता येत नसन त्यानं सेवा केंद्रात या नाही तं मले फोन करा. फोन पोराकडं असन तं पोराले सांगा.’

शेवटचं वाक्य गमतीचं नाही. ग्रुपात नंबर असतो पोराचा, पोरगा असतो पुण्याला नाहीतर नागपूरला कामावर, आणि अडचण असते बापाला वावरात. मायबाईंचं तर बहुतेक असंच, घरात फोन एक आणि तो दिवसा दुसऱ्याच्या खिशात. ग्रुपातल्या सूचनेवर ‘वाचलं’ची निळी खूण आली म्हणजे ज्याला हवं त्याला कळलं असं नाही. म्हणूनच बाजाराचे दोन दिवस मध्ये ठेवायचे. कृषी केंद्राच्या काउंटरवर, सेवा केंद्राच्या दारावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरात एक कागद लावा: जुना ग्रुप बंद, नवा असा. चार ओळी पुरतात.

काही नंबर आधीच मुके झालेले असतात. जानेवारी २०२५पासून अँड्रॉइड ५च्या खालच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. असा माणूस यादीत सदस्य दिसतो, पण त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही. ज्या जुन्या सदस्यांकडून बरेच दिवस काही आलं नाही आणि ज्यांच्याकडे कोरडवाहू का होईना जमीन आहे, त्यांना सरळ फोन लावा.

कुलूप कसं लावायचं

ठरलेल्या दिवशी ही कामं याच क्रमाने करा, क्रम महत्त्वाचा आहे.

आधी ग्रुपचं वर्णन बदला. पहिल्याच ओळीत नवा ग्रुप कोणता आणि हा कधीपर्यंतचा होता ते लिहा. वर्णन आधी का? कारण व्हॉट्सअ‍ॅपवर नवीन येणाऱ्या माणसाला जुने संदेश दिसतील असं गृहीत धरता येत नाही, वर्णन मात्र त्याला दिसतंच. पिन केलेल्या संदेशावर विसंबू नका. पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहते आणि मग आपोआप निघते.

मग नाव बदला. ‘बंद’ हा शब्द नावाच्या सुरुवातीला, शेवटी नाही. फोनच्या यादीत लांब नावाचा शेवट कापला जातो आणि नेमका तोच शब्द दिसेनासा होतो. ‘बंद: जुनं ई-पीक, २०२४ पर्यंत’ इतकं सरळ. ग्रुपचा फोटोही बदला. ज्यांना वाचायचा कंटाळा आहे ते फोटोवरून ग्रुप ओळखतात. जुन्याच फोटोवर लाल पट्टी मारली की पुरे.

त्यानंतर शेवटचा संदेश टाका, नव्या ग्रुपची लिंक त्यात द्या, आणि मग सेटिंगमध्ये जाऊन संदेश पाठवायची परवानगी फक्त अ‍ॅडमिनपुरती करा. ही परवानगी आधी बदलली आणि शेवटचा संदेश नंतर टाकला तरी चालतं, पण मधल्या वेळात ज्याचा प्रश्न अर्धवट टाइप झालेला असतो तो बिचारा अडकतो आणि खाजगीत तुम्हालाच गाठतो.

आमंत्रणाच्या लिंकबद्दल मतभेद असतील. बरेच जण सांगतात, लिंक लगेच रीसेट करा. मी म्हणतो, एक हंगाम थांबा. जुना क्यूआर कृषी केंद्राच्या भिंतीवर, कुणाच्या तरी पत्रकावर छापलेला असतो. तो स्कॅन करून माणूस बंद ग्रुपात आला तर निदान वर्णनात रस्ता दिसतो. लिंक मेलेली असली तर तो तसाच परत जातो. भिंतीवरचे कागद बदलून झाले की मग रीसेट करा.

एका बटणापासून सांभाळून. कम्युनिटीच्या सेटिंगमध्ये कम्युनिटीच बंद करायचा पर्याय असतो. तो दाबला तर आतले ग्रुप राहतात पण एकमेकांपासून सुटे होतात आणि वरचा सगळ्यांना जाणारा सूचना-ग्रुप हातून जातो. तुम्हाला एक खोली बंद करायची आहे, सगळा वाडा नाही. या दिवशी तिकडे फिरकूच नका.

टेलिग्राम वापरत असाल तर काम सोपं आहे. तिथे मोठ्या ग्रुपात विषयवार कप्पे करता येतात आणि एखादा कप्पा ‘क्लोज’ करता येतो. मग त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहितात. नव्या माणसाला जुना इतिहास दिसू शकतो, ही सोय तशीच धोकाही. पण तिथे अ‍ॅडमिनला कितीही जुना संदेश सगळ्यांसाठी काढता येतो, त्यामुळे धोक्याच्या रकान्यातलं तेवढं काढून बाकी राहू द्या.

जुनं जपून ठेवणं

कुलूप लावण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा. अँड्रॉइडवर फोटो-आवाजासकट शेवटचे सुमारे १०,००० संदेश निघतात, नुसतं लिखाण घेतलं तर ४०,००० पर्यंत. चार वर्षांचा चालता ग्रुप यात बसत नाही. म्हणून लिखाण निघेल तेवढं एकदा काढा, आणि निवडलेल्या व्हॉइस वेगळ्या एकेक करून जतन करा, फाइलच्या नावात विषय आणि वर्ष टाकून. नाहीतर वर्षभराने ओळीने सारख्या नावांच्या फाइल दिसतील आणि कोणती कशाची ते कुणालाच कळणार नाही.

ही फाइल एका पेनड्राइव्हवर आणि दुसऱ्या अ‍ॅडमिनकडे, बास. कुठे टाकू नका, कुणाला ‘माहितीसाठी’ पाठवू नका. तिच्यात शेकडो लोकांचे नंबर, गट क्रमांक आणि कर्जाची रडगाणी आहेत.

पुढचा एक हंगाम

कुलूप लावलं की प्रश्न थांबत नाहीत, ते तुमच्या खाजगी नंबरवर येतात. तिथे उत्तर देत बसलात तर नवा ग्रुप कधीच उभा राहत नाही, आणि तेच उत्तर वीस जणांना वेगवेगळं द्यावं लागतं. एक ठरलेलं वाक्य तयार ठेवा: ‘भाऊ, हा प्रश्न नव्या ग्रुपात टाका, मी तिथंच सांगतो, बाकीच्यांच्याही कामी येईल.’ आणि खरंच तिथे लगेच सांगा. पहिल्या आठ दिवसांत नव्या ग्रुपात उत्तर मिळायला उशीर झाला तर लोक पुन्हा जुन्या व्हॉइस फॉरवर्ड करायला लागतात.

वयस्क माणसाला मात्र हे वाक्य लावू नका, त्याला फोनवरच सांगून टाका.

१ ऑगस्टला पाहणी सुरू झाली की पहिले दोन आठवडे बघा, कोणते जुने संदेश फिरून परत येतात. एकच चुकीचा सल्ला तीन-चारदा दिसला तर त्यासाठी नव्या ग्रुपात वेगळं उत्तर लिहा आणि वरच्या सूचना-ग्रुपात एकदा टाका. सांगताना ‘ते खोटं आहे’ म्हणू नका, ‘ते २०२४ पर्यंतचं आहे’ म्हणा. फॉरवर्ड करणारा ओशाळत नाही आणि लगेच ऐकतो.

खरीप गेला, रब्बीची पाहणीही आटोपली, आणि बंद ग्रुपात नव्याने कुणी येईनासं झालं की मग तो कम्युनिटीच्या यादीतून काढा आणि लिंक रीसेट करा. सदस्यांना एकेक करून बाहेर काढायची गरज नाही, ज्याला हवं तो निघेल. अ‍ॅडमिनांपैकी एकाने मात्र आत राहायचं, आणि तो कोण हे नव्या ग्रुपाच्या वर्णनात लिहून ठेवायचं.